हप्ता, जामीनदार आणि दाजींचे एक लाख

आमच्यावर पाच ठिकाणचं देणं होतं. बँकेचं वैयक्तिक कर्ज ५ लाख, पतसंस्थेचे ३ लाख, सोन्यावर उचललेले दीड लाख, क्रेडिट कार्डाचे ६० हजार आणि नणंदेच्या यजमानांकडून, म्हणजे आमच्या दाजींकडून, हातउसने घेतलेले १ लाख. सगळे मिळून अकरा लाखांच्या वर. यातला शेवटचा हप्ता ऑक्टोबर २०२५ मध्ये माझ्या खात्यातून गेला. तेव्हापासून भेटेल तो विचारतो, "आता कसं मोकळं मोकळं वाटत असेल ना?" होय म्हणून सोडून देता येतं, पण ते खरं उत्तर नाही. सहा वर्षांत जे वाटलं ते असं एका दमात सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले.

मी सांगलीत एका खासगी शाळेत गणित शिकवते. मिस्टरांचा गावभागात छोटा छापखाना आहे. सासऱ्यांनी सुरू केलेला. लग्नपत्रिका, बिलबुकं, गणपती मंडळांची पावतीपुस्तकं, हळदीकुंकवाची निमंत्रणं, असली कामं. २००५ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं. ते छापखान्यात जिथवर चढलं तिथं सासऱ्यांनी तैलरंगानं रेघ मारून ठेवली होती. सांगलीत नदीकडच्या भागात अशा रेघा बऱ्याच घरांत दिसतील. माल ठेवायचा तो रेघेच्या वर, हा आमच्याकडचा दंडक. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं.

पाणी ओसरल्यावर आत गेलो तेव्हा लगीनसराईसाठी भरून ठेवलेला सगळा कागद गेला होता. कागदाचं रिम भिजलं की फुगतं, वेष्टन फाटतं आणि वाळलं की त्याची वीट होते, एक पान सुटं निघत नाही. ऑफसेट मशीनच्या रोलरमध्ये गाळ, मोटर जळालेली, कटिंग मशीनच्या पात्याला गंज. सरकारी मदत मिळाली, त्यात चिखल उपसण्याचं आणि वायरिंगचं भागलं. धंदा उभा करायला कर्जच काढावं लागणार होतं. पगाराची स्लिप माझ्याकडं होती, म्हणून बँकेचं कर्ज माझ्या नावावर झालं. १५ टक्के व्याज, ६० हप्ते, दरमहा ११,८९५ रुपये. पतसंस्थेचं १४ टक्क्यांनी. तिथं दोन जामीनदार लागतात. एक माझा मावसभाऊ झाला आणि दुसऱ्या माझ्याच शाळेतल्या एक मॅडम.

आज नवल वाटतं, पण पैसे खात्यावर आले त्या दिवशी घरात आनंद होता. नवीन मोटर बसली, तुळशीच्या लग्नाआधी पत्रिका छापायला लागलो, ह्यांच्या अंगाला पुन्हा शाईचा वास यायला लागला. कर्ज काढल्याचं दुःख पहिल्या दिवशी होत नाही. तेव्हा तो आधार वाटतो. पाच महिने हप्ते वेळेवर गेले, आणि आपण यातून सहज बाहेर पडू असं मला मनापासून वाटत होतं.

मार्च २०२० मध्ये लग्नंच थांबली. हॉलला परवानगी मिळायला लागली तीही पन्नास माणसांची, आणि पन्नास माणसांना बोलवायला कोण पत्रिका छापतंय? आमंत्रणं व्हॉट्सॲपवर जायला लागली. माझा पगार २८ हजारांवरून निम्म्यावर आला आणि दोन हप्तेच मिळून १९ हजारांच्या घरात. रिझर्व्ह बँकेनं २७ मार्चला हप्ते तीन महिने पुढं ढकलायची मुभा दिली, नंतर ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. बँकेचे सहा हप्ते आम्ही थांबवले. पतसंस्था सहकार खात्याखाली येते, रिझर्व्ह बँकेखाली नाही. तिथले हप्ते चालूच राहिले.

सप्टेंबरात कर्जखात्याचा उतारा काढला. फेब्रुवारीअखेर बाकी ४ लाख ७१ हजार होती. सहा महिन्यांचं व्याज चढून ती ५ लाख ७ हजारांच्या वर गेली होती. म्हणजे जवळजवळ साठ हजार रुपये भरून, वर्षानंतर, मी घेतलं त्यापेक्षा जास्त देणं लागत होते. आठवीच्या पुस्तकात चक्रवाढ व्याजाचा धडा आहे, तो मी इतकी वर्षं शिकवत आले. मुद्दल, दर, मुदत, सूत्र. त्या वर्षी तो धडा मोबाइलसमोर बसून शिकवताना माझा आवाज मध्येच बसला. मुलांना वाटलं नेटवर्क गेलं. सरकारनं त्या सहा महिन्यांच्या व्याजावरचं व्याज परत दिलं, माझ्या खात्यात अकराशेच्या आसपास जमा झाले. मूळ व्याज पस्तीस हजारांचं. ते कर्जातच राहिलं आणि कर्जाची अखेर सप्टेंबर २०२४ वरून ऑक्टोबर २०२५ वर गेली. सहा हप्ते थांबवण्याची किंमत तेरा महिने. त्या वेळी दुसरा इलाज नव्हता, तरीही हप्ता पुढं ढकलायचं कुणी सुचवलं तर आधी हा हिशेब करून बघा, असं मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते.

त्यानंतरचं वर्ष फार वाईट गेलं. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज, म्हणजे साठ हजारांवर २,१०० रुपये. किमान रक्कम भरत राहिलं की मुद्दल जागचं हलत नाही. दोन महिने तीही भरता आली नाही आणि फोन सुरू झाले. रात्री साडेनऊला, सकाळी सातला, एकदा शाळेच्या ऑफिसात. शिपाई वर्गाच्या दारात येऊन म्हणाला, "मॅडम, बँकेचा फोन आहे, अर्जंट म्हणतायत." तीस मुलांसमोरून उठून जाताना पाय जड झाले होते. ऑगस्ट २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं परिपत्रक काढून बजावलं की वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, धमकावायचं नाही, नातेवाइकांना आणि मित्रांना त्रास द्यायचा नाही. आमचं कार्ड तोवर फिटलं होतं. पण ज्यांना आज असे फोन येतायत त्यांना हे माहीत असू दे. फोन करणाऱ्याला त्याचं नाव आणि एजन्सीचं नाव विचारा, वहीत वेळ लिहून ठेवा, आणि बँकेकडं लेखी तक्रार करा. देणं लागतो म्हणून कुणाचंही काहीही ऐकून घ्यायला आपण बांधील नाही.

कार्डवाल्यांनी मध्ये एकदा पस्तीस हजारांत मिटवून टाकू म्हणून सांगितलं. एकदम पंचवीस हजार वाचणार होते, हे तर तयारच झाले. मी चौकशी केली तेव्हा कळलं की असं मिटवलं तर सिबिलच्या, म्हणजे आपल्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या, अहवालात ते खातं 'बंद' असं लागत नाही, 'सेटल्ड' असं लागतं, आणि पुढं कर्ज देणारा ते बघतो. मुलाच्या शिक्षणाला उद्या कर्ज लागलं तर सहकर्जदार मीच असणार. मी नाही म्हटलं. शाळेतल्या बायकांची भिशी होती, बारा जणी, महिना दोन हजार. नंबर लवकर मागून घेतला. उरलेले शिकवण्यांमधून. मार्च २०२१ मध्ये कार्ड पूर्ण फेडलं, बंद केल्याचं पत्र मागून घेतलं आणि घरी येताना भडंगाचं मोठं पाकीट आणलं. रात्री चौघांनी, सासूबाईंसकट, कांदा-लिंबू घालून ते परातीत कालवून खाल्लं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा घरात कुणीतरी मोठ्यानं हसलं.

ते समाधान टिकलं जुलैपर्यंत. पुन्हा पूर. यावेळी ५५ फुटांच्या आसपास. आम्ही आधीच कागद टेम्पोत भरून विश्रामबागेत माझ्या माहेरी हलवला होता, मशीनची मोटर खोलून नेली होती, त्यामुळं नुकसान कमी झालं. पण दुसऱ्यांदा तोच चिखल काढताना हे एकदम खाली बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. त्या पावसाळ्यात ते बोलायचे बंद झाले. जेवायचे, छापखान्यात जायचे, यायचे. फोन उचलायचे नाहीत. कधी त्यांचा फोन लागला नाही की माझ्या पोटात गोळा यायचा. मी वर्गातून मुलाला मेसेज करायचे, बाबा कुठायत बघ. हे मी त्यांना विचारून लिहितेय. तेच म्हणाले, लिही, कुणाला तरी उपयोग होईल. आम्ही शेवटी फॅमिली डॉक्टरांकडं गेलो, त्यांनी पुढं मनोविकारतज्ज्ञांकडं पाठवलं, गोळ्या वर्षभर चालल्या. आता सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन आहे, १४४१६, फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं. कर्जाच्या घरात माणूस गप्प झालं तर त्याला हिशेबाची वही दाखवू नका. आधी डॉक्टरकडं न्या.

त्या गडबडीत पतसंस्थेचे पाच हप्ते थकले.

ऑक्टोबर २०२१. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये नववीच्या चाचणीचे पेपर तपासत होते. जामीनदार झालेल्या मॅडम शेजारी येऊन बसल्या. पर्समधून एक खाकी पाकीट काढलं आणि माझ्या पेपरांच्या गठ्ठ्याखाली सरकवलं. दुसऱ्या कुणाला दिसू नये म्हणून. "पोस्टमननं माझ्याच हातात दिलं म्हणून बरं," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ह्यांच्या हातात पडलं असतं तर घरात वेगळाच विषय झाला असता. तुम्ही बघा काय ते." एवढंच. डब्यातली अर्धी पोळी त्यांनी माझ्यापुढं ठेवली आणि तासाला निघून गेल्या. नोटिशीत लिहिलं होतं की ठरल्या मुदतीत थकबाकी भरली नाही तर सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखल्यासाठी अर्ज करू, आणि कर्जदाराबरोबर जामीनदारही तितकेच जबाबदार राहतील. त्यांचं पूर्ण नाव, घरचा पत्ता, माझ्या कर्जाची रक्कम, सगळं टाइप केलेलं.

फोनवरच्या शिव्या मी गिळल्या होत्या. नोटिशीचं ते पान मला गिळता आलं नाही. बँकेला मी व्याज देत होते, तिनं जोखीम मोजून, पैसे लावून धंदा केला होता. ह्या बाईला माझ्यापासून काय मिळणार होतं? तिनं फक्त सही केली होती, माझ्यावर विश्वास ठेवून, स्टाफरूममध्ये उभ्या उभ्या. त्या शनिवारी मी माझी ॲक्टिव्हा विकली. बत्तीस हजार आले. त्यात थोडे घालून थकलेले पाचही हप्ते भरले आणि पावतीची प्रत मॅडमना नेऊन दिली. पुढची दोन वर्षं सिटी बसनं शाळेत गेले. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. बसमध्ये बसले की उलट छातीत बरं वाटायचं.

तेव्हाच मला नीट कळलं की माझ्या मनातली कर्जाची यादी कागदावरच्या यादीपेक्षा वेगळी आहे. कागदावर सर्वांत मोठं बँकेचं. मनावर त्याचं वजन सर्वांत कमी. पाच तारखेला पैसे जायचे, विषय संपला. मनावर सर्वांत जड होते ते दाजींचे एक लाख, ज्यांना व्याज नव्हतं, कागद नव्हता, तारीख नव्हती, आणि ज्यांची त्यांनी एकदाही आठवण करून दिली नव्हती.

ते कुणी मागत नव्हतं, हेच अवघड होतं. बँकेचा हप्ता गेला की महिनाभर मी कुणाचं काही लागत नसे. दाजींचं देणं मात्र चोवीस तास चालू. मुलाच्या ऑनलाइन वर्गासाठी आठ हजारांचा मोबाइल घेतला, तर वन्सं सहज म्हणाल्या, "नवीन घेतला होय? छान आहे की." त्या रात्री मला झोप नाही. चुलत दिराच्या लग्नात नवी साडी नेसले नाही, भाचीच्या बारशाला आईची जुनी पैठणी नेसून गेले आणि तीही नवीन वाटेल म्हणून शाल पांघरून बसले. आमच्या घरी त्या आल्या की मी फ्रीजमधली आइस्क्रीमची डबी मागं ढकलायची. हळूहळू त्यांच्याकडं तासगावला जाणंच टाळायला लागले. कधी परीक्षा, कधी शिकवण्या, कारणं मिळत गेली.

कर्ज फेडण्याच्या क्रमाबद्दल जाणकार दोन गोष्टी सांगतात. कुणी म्हणतं लहान रक्कम आधी संपवा, हुरूप येतो. कुणी म्हणतं जास्त व्याजाचं आधी संपवा. गणिताची शिक्षिका म्हणून मला दुसरं पटतं, आणि कार्डाच्या बाबतीत मी तेच केलं. महिन्याला साडेतीन टक्क्यांपुढं दुसरं काही थांबू शकत नाही. पण त्यानंतर हळद-बेदाण्याच्या व्यापाऱ्यांची स्टिकर आणि बॉक्सची कामं मिळायला लागली, हे सावरले, माझा पगार पूर्ववत झाला, आणि २०२२ च्या दिवाळीपर्यंत एक लाख शिलकीत पडले. तेव्हा १४-१५ टक्क्यांचं सोडून मी बिनव्याजी देणं आधी फेडलं. वर्षाचे चौदा हजार रुपये व्याज मी त्यासाठी जास्त मोजले असं समजा. हे वेडगळपणाचं म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. ज्या देण्यानं माणसाची झोप जाते, नाती तुटायला येतात, ते सर्वांत महाग देणं आहे, त्याच्यापुढं टक्के किती का लिहिलेले असेनात.

भाऊबीजेला दिले असते तर ओवाळणीत देण्याघेण्याचा हिशेब घातल्यासारखं झालं असतं, म्हणून नंतरच्या रविवारी दोघं तासगावला गेलो. पाकीट देवापुढं ठेवलं. दाजी म्हणाले, "अहो वहिनी, घाई कशाची होती? छापखान्यात घाला की." मी म्हटलं, नको, घ्या. त्यांनी घेतले. वन्सं मात्र आत निघून गेल्या. चहा करताना मी स्वयंपाकघरात गेले तर डोळे पुसत होत्या. "आम्ही मागितले होते का?" त्या म्हणाल्या. "दोन वर्षं तू इथं आली नाहीस. मंगळागौरीला नाही, पोरीच्या वाढदिवसाला नाही. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. पैशाचं कुणाला पडलंय?"

मला बोलता येईना. मी त्यांच्या डोळ्यांत जे बघत होते ते त्यांच्या मनात नव्हतंच. तरीही सांगते, पैसे दिले नसते तर हे बोलणंही झालं नसतं. देणं उभं असताना मी त्यांच्यासमोर मोकळी बसूच शकले नसते, त्या कितीही चांगल्या असल्या तरी. त्या दिवशी रात्री नऊपर्यंत आम्ही तिथं होतो. येताना वन्संनी बेदाणे बांधून दिले.

सोन्याची गोष्ट वेगळी. माझं मंगळसूत्र आणि सासूबाईंच्या पाटल्या मिळून सहा तोळे गहाण होतं. दरवर्षी व्याज भरून खातं नव्यानं करायचं, मुद्दल तसंच. ऑगस्ट २०२० मध्ये सोन्याचा भाव वर्षभरापूर्वीच्या जवळजवळ दीडपट झाला आणि बँकांना सोन्याच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायची तात्पुरती सवलतही मिळाली. शाखेतून फोन आला, मॅडम, तुमच्या त्याच दागिन्यांवर आणखी रक्कम मिळेल. घरात वाणसामानाची उधारी होती तेव्हा. मोह झाला, खोटं कशाला सांगू. सासूबाई म्हणाल्या, "पाटल्या ठेवल्यात तेवढ्यावर ठेवल्यात. अजून त्यांच्यावर ओझं नको." आम्ही तो पैसा उचलला नाही.

जानेवारी २०२४ मध्ये दागिने सोडवले. शाखेत एका केबिनमध्ये बसवतात. अधिकाऱ्यांनी तिजोरीतून कापडी पिशवी आणली, त्यावर लाखेचं सील आणि माझ्याच सहीची चिठ्ठी. सील शाबूत आहे म्हणून आधी सही. मग कात्रीनं दोरा कापला. प्लॅस्टिकच्या पाकिटात मंगळसूत्र, एका वाटीचा काळा मणी तुटून पाकिटाच्या कोपऱ्यात पडलेला. दागिने काट्यावर ठेवले, वजन मी वाचलं, नोंदवहीत लिहिलेल्या आकड्याशी जुळवलं, पुन्हा सही. सासूबाई सोबत होत्या. त्यांनी पाटली तिथंच हातात चढवायला घेतली. सांधे सुजलेले, चढेना. अधिकारी बाईंनी टेबलावरची हाताला लावायची क्रीम पुढं केली. क्रीम लावून पाटली चढली तेव्हा शेजारच्या काउंटरवरची माणसंसुद्धा बघत होती आणि सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "माझ्या आईनं घातल्या होत्या ह्या."

तो दिवस निखळ आनंदाचा. इतका चांगला दिवस सबंध सहा वर्षांत दुसरा आला नाही.

२०२५ च्या मार्चमध्ये पतसंस्था संपली. बेबाकी दाखला घेतला, त्याच्या दोन झेरॉक्स काढल्या आणि दोन्ही जामीनदारांना पेढ्यांबरोबर दिल्या. कर्ज फिटल्यावर माणसं घरी पेढे वाटतात, पण जामीनदाराला तो कागद हातात द्यायला विसरतात. तसं करू नका. मॅडमनी तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि मला मिठी मारली.

आणि शेवटी बँक. ऑक्टोबरची पाच तारीख, सकाळी मेसेज आला, हप्ता वजा. शेवटचा. मी स्वयंपाकघरात उभी होते आणि मला काहीही वाटलं नाही. ना आनंद, ना रडू. दहा-पंधरा दिवसांनी 'देणे नाही' असं पत्र आलं, फाइलला लावलं. नोव्हेंबरात पगार झाला, पाच तारीख गेली आणि पैसे खात्यातच राहिले. मला ते खर्च करवेनात. दिवसातून दोनदा ॲप उघडून बघायचे, काही कापलं तर नाही ना. मग एक दिवस राग आला. कुणावर ते सांगता यायचं नाही, नदीवर का आजारावर का व्याजावर. माझ्या अडतिशीपासून चव्वेचाळिशीपर्यंतची वर्षं यात गेली होती. फेडत असताना त्याचं दुःख करायला सवड नव्हती. फिटल्यावर ते सगळं एकदम आलं.

त्यात मुलाचं फार लागलं. पूर आला तेव्हा तो पाचवीत होता, आता अकरावीत आहे. मधल्या वर्षांत शाळेच्या सहली गेल्या, त्यानं विचारणं सोडलं होतं. डिसेंबरात मी म्हटलं, चल, तुला चांगले बूट घेऊ. म्हणाला, "नको, आहेत की." बघितलं तर तळवा सुटलेला, फेव्हिक्विकनं चिकटवलेला. मी हट्टानं दुकानात नेलं. तिथं तो आधी किमतीची पट्टी बघायचा आणि बूट परत ठेवायचा. दुकानदार पुढं काढेल तेवढे सगळे "घट्ट होतायत" म्हणाला. शेवटी मी त्याच्या हातातून पट्टी काढून घेतली, आकडा झाकला आणि म्हटलं, आता घालून बघ. त्याला आवडले ते निळे होते. घेतले. ही सवय मोडायला वेळ लागणार, कर्ज फेडायला लागला तितका कदाचित, पण मी पिच्छा सोडणार नाही. सोळा वर्षांच्या पोरानं आईकडं हट्ट करायला पाहिजे.

आता ह्यांच्या डोक्यात डिजिटल प्रिंटिंगचं मशीन आहे. लेबल, स्टिकर, कमी प्रतींची कामं त्यावर पटकन होतात आणि बेदाण्याच्या सीझनला आम्हाला ती कामं सोडावी लागतात, हे खरं आहे. कोटेशन आलंय, रक्कम मोठी आहे, कर्जाशिवाय होणार नाही. पहिल्या दिवशी मी कोटेशन वाचलंसुद्धा नाही. नंतर बसून वाचलं, महिन्याची कामं मांडली, हप्ता मांडला, आणि दोन महिने धंदा बंद पडला तर काय, तेही मांडलं. सहा हप्त्यांचे पैसे आधी बाजूला पडल्याशिवाय अर्ज करायचा नाही, कर्ज बँकेचंच घ्यायचं, नातेवाइकाचा एक रुपया नको, आणि जामीनदार लागणार असेल तर मशीनच नको, हे मी ह्यांना सांगितलंय. ह्यांना सहा हप्ते जास्त वाटतात, चार पुरेत म्हणतात. त्यावर अजून आमचं चाललंय. मशीन आणलंच तर ते पहिल्या मजल्यावर बसवायचं, यावर मात्र दोघांचं एकमत झालंय.